स्वयंपाकघराचं फाटक

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला जाऊन दुसरा उन्हाळा लागला. वर्षश्राद्ध झालं, तुमची लुगडी वाटून झाली, रेशनकार्डावरचं नावही कमी झालं. आता तुम्हाला कळवण्यासारखं काही उरलेलं नाही, असं मी धरून चालले होते. पण परवा सकाळी आपल्या स्वयंपाकघरात एक प्रकार घडला, काल कमलवन्सं परंड्याहून येऊन बरंच काही सांगून गेल्या, आणि आज अश्विनी येऊन गेली. त्यानंतर मी कागद घेऊन बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरी आलेलं पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवायचे. हेही मीच वाचून दाखवणार आहे, फाटकाशी बसून.

फाटक कुठलं, असं विचाराल. तेच आधी सांगते.

तुमच्या नातवाची, प्रसादची मुलगी सई सध्या आमच्याकडे जळकोटला आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती अश्विनीच्या पोटात होती, म्हणजे तुमची तिची भेट नाही. आता चालते, पडते, उठते, परत चालते. पुण्यात तिला सांभाळणारी बाई काम सोडून गेली, पाळणाघरात जागा जूनमध्ये मिळणार. तोवर पोरीला कुणी बघायचं? मी म्हटलं, इथं ठेवा. अश्विनीनं हो म्हणायला वेळ घेतला. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "आई, तुमच्या किचनचं काय?"

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून नोकरीभर मी गावोगावच्या आयांना हेच तर सांगत फिरले. रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत भरू नका, गरम वरणाचं पातेलं खाली ठेवू नका, पोरगं रांगायला लागलं की स्वतः जमिनीवर बसा आणि तिथून घर बघा. तुम्ही हे ऐकून तोंडाला पदर लावून हसायचात. "बसून बघायला सांगती बया. आमी काय उभं ऱ्हाऊन जलम काढला व्हय?"

तर मी खाली बसले आणि आपलं स्वयंपाकघर बघितलं. अश्विनीनं प्लॅस्टिकचे खटके आणले होते, ते ओट्याखालच्या सगळ्या दारांना लावले. फिनेल, बोअरच्या पाण्याचे डाग काढायचं ॲसिड आणि उंदराचं औषध माळ्यावर गेलं. विळी भिंतीला उंच टांगली. काडेपेटी, लाल तिखटाचा डबा, मिक्सरची पाती, सगळं वर. शेगडीच्या बटणांवर झाकणं बसली. मिक्सरची वायर ओट्यावरून खाली लोंबते हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं, ती मागून घेतली. कुकरचा दांडा भिंतीकडे वळवून ठेवायची सवय मी ह्यांनाही लावली, आणि तुमचा लेक कसा शिकतो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

राहिलं दार.

आठवतं का, जुन्या घराच्या जागेवरच सिमेंटचं घर बांधलं तेव्हा तुम्ही एकाच गोष्टीवर अडून बसला होतात? स्वयंपाकघराला चौकट बसवा, पण दार नको. मिस्त्री समजावून थकला, मामंजी चिडले, मी म्हटलं मांजर शिरेल, धूर घरभर होईल. तुम्ही एवढंच म्हणालात, "त्या खोलीला दार न्हाय लावायचं." का, ते सांगितलं नाही. चौकट तशीच उघडी राहिली. मला तो तुमचा हट्ट वाटला. सासवांचे असतात तसला.

त्या चौकटीत मी हायवेवरच्या वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी फाटक करून बसवलं. कमरेएवढं, उभ्या गजांचं. आडव्या पट्ट्या मुद्दाम घेतल्या नाहीत, पोरं पाय ठेवून चढतात. वर खटका, तोही आतल्या बाजूनं. त्या खोलीच्या तोंडाला पहिल्यांदाच काहीतरी लागलं, आणि ते मी लावलं.

त्यानंतर काही दिवसांतच सई फाटकाशी बसायला लागली.

त्यात विशेष काय? मी आत, ती बाहेर, तर पोर फाटकाशीच बसणार. पण मी आत नसतानाही ती तिथंच बसायची. भर दुपारी, जेवणं आटोपून, ओटा पुसून, मी बाहेरच्या खोलीत पडलेली असायचे. हायवेवरच्या ट्रकांचा आवाजही त्या वेळी जड होऊन लांब गेल्यासारखा वाटतो. सई हातात बिस्किट घेऊन फाटकापाशी मांडी घालून बसायची. गजांतून हात आत घालायची आणि थांबायची. घेणाऱ्यानं घ्यावं म्हणून आपण थांबतो ना, तशी. मग हात बाहेर घ्यायची, तेव्हा तो रिकामा असायचा.

बिस्किट आत पडलेलं मिळायचं. फाटकापाशी नाही. तुमच्या जुन्या चुलीच्या कोपऱ्यात.

मी ते उचलून टाकायचे. कडेला ओलसर, चोखल्यासारखं असायचं. सईनंच चोखलं असणार आणि आत भिरकावलं असणार, दुसरं कोण? फक्त एवढं खरं, की तिला अजून चेंडूसुद्धा नीट फेकता येत नाही. समोर टाकायला गेली तर तो मागं जातो.

एकदा मी तिच्याशेजारी खाली बसले आणि विचारलं, काय बघतेस? तिनं आत बोट दाखवलं. "बाळ."

कुठं आहे बाळ?

"बाळ हाऽ."

आत्याबाई, मी चपापले ते 'बाळ'मुळं नाही. ती कुत्र्याच्या पिल्लालाही बाळ म्हणते. पण 'हाऽ' हा शब्द तिला कुणी शिकवला? अश्विनी गरम वस्तूला 'हॉट' म्हणते. मी 'चटका' म्हणते. 'हाऽ' हा तुमचा शब्द होता. खालून सुरू होऊन वर जाणारा, शेवटी श्वास सोडलेला. प्रसाद रांगत होता तेव्हा तुम्ही त्याचं बोट धरून कोमट तव्याला टेकवायचात आणि म्हणायचात, हाऽ. तुमच्यानंतर या घरात तो शब्द कुणाच्या तोंडी आलेला मी ऐकला नव्हता. सईनं तो तुमच्याच सुरात म्हटला.

मी तिला उचलून अंगणात नेलं. या गोष्टी मी मानत नाही. लहान मूल शंभर आवाज काढतं, त्यातला एक असा निघतो, एवढंच, असं मी स्वतःला सांगितलं.

आता तुमच्या वाळ्याचं. तुमच्या पितळी डब्यात, फडक्याच्या गाठीत, तो एकटा चांदीचा वाळा होता, एक घुंगरू असलेला. या घरातल्या प्रत्येक लेकराच्या पायात तो घातला गेला. ह्यांच्या, नंतर आमच्या प्रसादच्या. एकाच पायात. मी नवी सून असताना विचारलं होतं, दुसरा कुठं आहे? तुम्ही चुलीतली लाकडं पुढं सारलीत आणि म्हणालात, "एकच बास हाय. आवाज हाय तवर पोर बरं. आवाज थांबला की उठायचं, हातातलं टाकून उठायचं."

वाळा काढून बघितला. घुंगराची कडी झिजलीय, हलवली तर निघेल. गिळलं म्हणजे? मी तो परत फडक्यात बांधून, डब्यात घालून माळ्यावर ठेवला. सईच्या पायात काहीही नाही. हे लक्षात ठेवा.

आता परवाचं सांगते, आणि त्याआधी कुरडयांचं सांगायला हवं.

आपल्या घरात कुरडयांचा चीक शिजत नाही. मी या घरात आले तेव्हाचा हा नियम. चैत्र आला की आपले गहू शेजारी शकुंतलाकडं जायचे, तिच्याच अंगणात चीक हाटला जायचा, तिच्याच गच्चीवर आपल्या कुरडया वाळायच्या. तुम्ही तिकडं फिरकायचासुद्धा नाहीत. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. आपल्याला लाभत न्हाय. अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. कुणाला पापड लाभत नाहीत, कुणाला लोणचं. कुणाच्या तरी पणजीच्या वेळी काहीतरी झालेलं असतं, ते सगळे विसरतात आणि नुसती बंदी उरते. मी तुम्ही असेपर्यंत मान ठेवला. यंदा शकुंतलाच्या घरी रंगकाम काढलेलं. ती म्हणाली यंदा राहू द्या. मी म्हटलं, राहू कशाला द्यायचं, माझ्याकडं करू.

ती जरा घुटमळली. "काकू, तुमच्यात चालत न्हाय ना पर? आत्याबाई असत्या तर..."

मी म्हटलं, त्या नाहीत.

हे वाक्य आता मला नीट ऐकू येतं.

गहू भिजवले, वाटले, चीक काढला. परवा उजाडता उजाडता पाणी उकळायला ठेवायचं होतं. मोठं पातेलं. ओट्यावर ठेवून तेवढा चीक हाटता येत नाही, खांद्यातून जोर लावावा लागतो, हे तुम्हाला मी काय सांगणार? म्हणून सगळ्या बायका करतात तेच मी केलं. शेगडी उचलून खाली फरशीवर मांडली. जागा कुठं मोकळी? कोपऱ्यात. तुमच्या चुलीच्या.

बघा कशी गंमत. खालचं सगळं मी वर नेलं. तिखट, काडेपेटी, सुऱ्या. आणि विस्तव तेवढा वरून उचलून खाली ठेवला. कुठल्या अंगणवाडीतल्या बाईनं हे केलं असतं तर मी तिला चार बायकांत उभं करून बोलले असते.

सई मधल्या खोलीत ह्यांच्यापाशी झोपली होती. हलायचं नाही, अशी ताकीद ह्यांना दिली होती. पहिला घाणा झाला. शकुंतला गरम चिकाचं भांडं घेऊन गच्चीवर गेली, मी सोऱ्या आणि ओला कपडा घेऊन तिच्या मागं. राहिलेला चीक मंद आचेवर होता, त्यात तो हाटायचा लांब लाकडी दांडा पातेल्याबाहेर आलेला. फाटक मी मागं ओढलं. दोन्ही हात भरलेले होते. खटका बसला का? मी वळून बघितलं नाही. ह्यांना फोन आला. घरात रेंज नाही म्हणून हे अंगणात गेले. हे सगळं नंतर कळलं.

मी जिन्याच्या मध्यावर होते, तेव्हा घुंगरू वाजलं.

एक पाऊल वाजतं, एक वाजत नाही. पुन्हा एक वाजतं. एका पायात वाळा असलेलं मूल चालतं तसं. आणि खरं सांगू का, मला काही वेगळं वाटलंच नाही. कित्येक वर्षं तो आवाज कानांत मुरलेला. मनात आलं, प्रसाद उठला वाटतं. प्रसाद! तीस उलटून गेलेला माणूस. मी आणखी एक पायरी चढले. खाली छन्... छन्... चाललं होतं. ट्रक नव्हता, वारा नव्हता, एवढा एकच आवाज, फरशीवरचा.

मग तो थांबला.

माझ्या डोक्यानं काही विचार केला असेल तर मला आठवत नाही. हातातला सोऱ्या पडला आणि मी खाली धावले. आवाज थांबला की उठायचं.

फाटक उघडं होतं. सई आत होती. शेगडीपासून थोड्या अंतरावर, जिथं तुम्ही सकाळी चूल सारवून झाली की राखेची रेघ ओढायचात, बरोबर त्या जागी तिची बोटं थांबली होती. तुम्हाला आठवतं, गॅस आल्यावर चूल काढली, तरी तुम्ही तिथं चिमूटभर पिठानं रेघ ओढत राहिलात. मी फरशी पुसताना रोज ती पुसायचे, तुम्ही रोज ओढायचात. आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. परवा तिथं रेघ नव्हती. मी स्वतः आदल्या दिवशी फरशी घासली होती.

सईच्या एका हातात बिस्किट होतं. दुसरा हात तिनं बाजूला धरला होता. आत्याबाई, मूल मोठ्या माणसाचा हात धरतं तेव्हा त्याचा हात वर जातो. सईचा हात वर नव्हता. सरळ बाजूला, स्वतःच्या उंचीला, मूठ अर्धी मिटलेली. आपल्याएवढ्याच कुणाचा तरी हात धरून उभं राहावं तशी ती उभी होती. लाकडी दांडा तिच्या तोंडासमोर, हात पुढं केला असता तर लागला असता. ओढला असता तर ते रटरटणारं पातेलं तिच्यावर आलं असतं. आणि चीक अंगाला चिकटतो. पाण्यासारखा ओघळून जात नाही.

ती म्हणाली, "हाऽ." मला नाही म्हणाली. बाजूला बघून म्हणाली.

मी तिला झडप घालून उचललं. उचलताना त्या बाजूला किंचित ओढ लागली. फ्रॉक अडकला असं आधी वाटलं. फ्रॉक कुठंच अडकला नव्हता.

गॅस बंद केला. सईच्या पायांना, हातांना, मानेला हात लावून बघितलं. कुठं काही नाही. मग तिला माझ्यामागं धावत आलेल्या शकुंतलाच्या कडेवर देऊन स्टूल घेतलं आणि माळ्यावरचा तुमचा डबा काढला. वाळा होता. फडक्यात, मीच बांधलेल्या गाठीत.

शकुंतलाला मी विचारलं, तुला घुंगरू ऐकू आलं का? ती म्हणाली, "कसलं घुंगरू?" आणि तिनं सईच्या उघड्या पायांकडं बघितलं. उरलेला चीक आम्ही उकिरड्यावर नेऊन टाकला. कुरडया झाल्या नाहीत.

कमलवन्संना मी फोनवर सरळच विचारलं. आत्याबाई घरात चीक का शिजवू देत नव्हत्या? त्या म्हणाल्या, फोनवर नको, मी येते.

काल दुपारच्या गाडीनं आल्या. तुम्हाला तर माहीत आहे, त्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो. काल त्या गप्प आल्या. पाणी प्यायल्या, भावाला समोर बसवलं आणि सांगितलं.

तानी. वन्संच्या पाठची, ह्यांच्या आधीची. मला या घरात येऊन उभा जन्म झाला आणि हे नाव मी काल पहिल्यांदा ऐकलं! ह्यांनीही.

तुम्ही बाहेर खाटेवर कुरडया घालत होतात. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं, तानी उन्हात येऊ नये, हात मधे घालू नये म्हणून. ती आत झोपली होती, चुलीवर चिकाचं पातेलं होतं. तिला चीक आवडायचा, तेल-मीठ घालून. ती उठली. वन्सं तेव्हा फ्रॉकातली पोर, खाटेपाशी तुमच्या हाताखाली होत्या. त्या म्हणाल्या, वाळ्यांचा आवाज येत होता, आई म्हणाली उठली वाटतं तानी, एवढी संपवून जाते. मग आवाज थांबला. आई म्हणाली, झोपली परत.

पुढचं वन्संनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. शेताच्या बांधाला, लिंबाखाली तिला ठेवलं. तिच्या एका पायात वाळा होता. दुसरा मिळाला नाही. पुढं कधीतरी चुलीतली राख काढताना तो तुमच्या हाताला लागला.

म्हणजे राखेची रेघ ही होती. एक वाळा हा होता. दार नको, चीक नको, कोमट तव्याला बोट टेकवून शिकवलेला हाऽ, सगळं हेच होतं. तुम्ही आपलं स्वयंपाकघर माझ्या कितीतरी आधी बंदोबस्तात ठेवलं होतं, फक्त कशापासून ते कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलंत? मला सांगायला हवं होतं. रेघ ओढून भागत नाही, हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं असतं आणि आजही सांगेन. रेघ पुसली जाते. नुसता नियम हाताशी राहिला आणि त्याचं कारण राहिलं नाही, की माझ्यासारखी बाई तो एका चैत्रात मोडून टाकते. तुम्ही एक वाक्य बोलला असतात, तर शेगडी खाली आली नसती.

माझी तक्रार इथं संपते. तुमच्या जागी मी असते तर मला ते वाक्य बोलता आलं असतं का, मला माहीत नाही.

वन्सं उठून स्वयंपाकघराकडं गेल्या. फाटकापाशी थांबल्या. सई तिथंच बसलेली, गजांतून हात आत. वन्संनी गजाला हात लावला आणि अगदी हळू विचारलं, "हे कधी बसवलंस?"

सई आली तेव्हा, मी म्हटलं.

"मंग ती आतच ऱ्हायली की गं, विजया."

मी त्यांना चहा करून दिला. करताना मला पाठ फिरवून उभं राहावं लागलं, कारण ओटा भिंतीकडं आहे आणि तो कोपरा मागं येतो. इतकी वर्षं मी तिथं पाठ करून उभी आहे. काल पहिल्यांदा मला माझ्या पाठीवर तो कोपरा जाणवला.

मग एक मनात येतं आणि जात नाही. तुम्ही जाताना तिला घेऊन का गेला नाहीत, आत्याबाई? ती तुमचीच ना? लिंबाखालून उठून ती चुलीपाशी आली आणि इतकी वर्षं तुम्ही तिला जाऊ-येऊ देत राहिलात, दार न लावता. मग जाताना हात धरायला विसरलात? की मुद्दाम ठेवून गेलात, या घरात अजून एक पोर येणार म्हणून?

अश्विनीला मी परवाच फोन करून सगळं सांगितलं होतं. शेगडी, पातेलं, न बसलेला खटका. घुंगरू तेवढं सोडून. लपवणं माझ्या स्वभावात नाही. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, मी न्यायला येते. आज सकाळी आली, सईची बॅग भरायला लागली. मी घड्या करून देत होते. ती बरोबर होती. मी तिच्या जागी असते तर मीही नेलं असतं.

तेवढ्यात सई फाटक हलवायला लागली. दोन्ही हातांनी गज धरून, रडून लाल झालेली. बाळ, बाळ. अश्विनीनं विचारलं, कोण बाळ? कुणाचं?

मी तिला खाली बसवलं आणि घुंगरासकट सांगितलं. माझ्या शिकलेल्या सुनेला, मी, जिनं गावोगावी बायकांच्या अंगातल्या देवी खाली बसवल्या. ती ऐकत राहिली. हसली नाही. मग उठली. फाटकाच्या वरून हात घालून खटका काढला, आत गेली, शेगडी बंद आहे का बघितली, सिलिंडरचं बटण फिरवलं, प्रत्येक भांड्याला हाताची पाठ लावून बघितली. बाहेर आली आणि फाटक पूर्ण उघडून भिंतीला टेकवलं.

सई रडायची थांबली. ती आत गेली नाही. उंबऱ्याशी उभी राहिली, जरा थांबली, जशी बिस्किट देताना थांबते तशी. मग वळली आणि अंगणाकडं चालायला लागली. एक हात बाजूला धरून, स्वतःच्या उंचीला. पायरीपाशी दोन्ही पाय जोडून उभी राहिली, बाजूला बघितलं, मग उतरली.

अश्विनीनं माझा दंड धरला होता. घट्ट. मग तिनं बॅगेची चेन उघडली आणि कपडे परत कपाटात ठेवले. "जूनपर्यंत राहू दे हिला," म्हणाली. "पण आई, शेगडी परत खाली नको." संध्याकाळच्या गाडीनं एकटी परत गेली.

तर आत्याबाई, माझा शब्द घ्या. खटके निघणार नाहीत, ॲसिड माळ्यावरून खाली येणार नाही. या घरात चीक शिजणार नाही, आणि का शिजत नाही ते अश्विनीला आज सांगितलंय, सईला कळत्या वयात मी किंवा ती सांगेल, तानीचं नाव घेऊन. वाळा सईच्या पायात घालणार नाही, कडी झिजलीय. तो मी फाटकाच्या गजाला, अगदी वरच्या टोकाशी, घुंगरासकट तारेनं पक्का बांधलाय. फाटक हललं की कळेल.

स्वयंपाक चालू असेल तोवर फाटक बंद राहील. त्याला इलाज नाही. पण रोज दुपारी, गॅस बंद झाला, भांडी गार झाली, की मी ते उघडून भिंतीच्या आकड्याला अडकवीन आणि बाहेर पायरीवर येऊन बसेन, डुलकी न घेता. ती तुमच्या पोटची होती, तुम्हाला जे राखता आलं ते तुम्ही राखलंत. आता इथं मी आहे. अंगणात त्या खेळतील तोवर माझं लक्ष दोघींवर राहील.

तुमची सून,
विजया